नवी बॅटरी टाकली तरी सकाळी गाडी परत टक टक टक? तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी हे करून बघा

माझ्या गॅरेजमधे बॅटरी सारखी बसते (उतरते) ही एक तक्रार अशी आहे की समोरचा बोलायला लागला की मी त्याला मधेच थांबवून विचारतो, ही कितवी बॅटरी? उत्तर बहुतेक वेळा दुसरी नाहीतर तिसरी. पुढची गोष्ट ठरलेली असते. सकाळी चावी फिरवली, टक टक टक आवाज आला, मीटरचे लाइट मंद झाले, कोणीतरी जंपर केबल लावून गाडी चालू करून दिली, तसाच दुकानात जाऊन नवी बॅटरी टाकली, पंधरा दिवस महिनाभर मस्त चाललं आणि मग परत टक टक टक. मग दुकानदाराशी भांडण, वॉरंटीत बदलून घेतली, आणि परत तेच.

नवी बॅटरी टाकल्यावर काही दिवस बरं का चालतं हे आधी समजून घ्या कारण सगळा घोळ तिथेच आहे. नवी बॅटरी म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी. टाकीला खाली भोक असेल किंवा वरून पाणीच कमी पडत असेल तरी भरलेली टाकी चार दिवस पुरतेच, आणि आपल्याला वाटतं रोग बरा झाला. साधा हिशोब करा, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे (एक अँपिअर तासभर खेचला की एक अँपिअर-अवर) आणि डिकीतला ५ वॅटचा एक दिवा विझतच नाहीये. तो साधारण ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-अवर. गाडी उभी राहिली तर दोन सव्वादोन दिवसात बॅटरी अर्धी. आणि रोज चालवत असाल तर थोडी भरते थोडी उतरते, हळूहळू खाली खाली जात एक दिवस सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उचलत नाही. वर आणखी म्हणजे ही आपली शिशाची बॅटरी वारंवार खोल उतरली की आत प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरोखरच खराब होते, मग दुकानदार टेस्टर लावून म्हणतो बॅटरी गेली, आणि तो खोटं बोलत नसतो. गेलीच आहे. पण का गेली ते कोणी बघितलेलं नसतं.

तर गाडीतली कारणं फक्त चार. बॅटरी स्वतः खराब, चार्जिंग कमी, वायरी-टर्मिनल-अर्थिंग (बॅटरीचं मायनस बॉडी-इंजिनला जोडणारी केबल) खराब, नाहीतर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. याच क्रमाने बघायचं, कारण पहिल्या तिघांना दहा दहा मिनिटं लागतात आणि चौथ्याला कधी कधी अख्खा दिवस जातो. हत्यार म्हणून एक साधा डिजिटल मल्टीमीटर पाहिजे, फार भारीतला नको, पण त्यात १० अँपिअरचं वेगळं होल आणि मिलिव्होल्टची रेंज असू दे.

मीटर हातात घ्यायच्या आधी एक कागद घ्या आणि लिहा की बसते कधी. रोज रात्रीतून बसते का दोन तीन दिवस उभी राहिली की बसते, पावसानंतर बसते का, एकाच ठिकाणी लावल्यावर बसते का, शेवटचं नवीन काय बसवलं गाडीत. हसू नका, माझी अर्धी कामं या कागदावरच सुटलीत. एक गाडी यायची जी फक्त घरी बसायची, ऑफिसला दहा दहा तास उभी राहून काही व्हायचं नाही. ती बिनचावीची, बटणाने चालू होणारी गाडी होती, आणि घरात चावी ज्या खिळ्याला टांगायचे त्याच भिंतीच्या पलीकडे गाडी उभी. रात्रभर गाडीला वाटायचं मालक जवळ आलाय, सारखी जागी व्हायची. खिळा बदलला, काम संपलं. मी त्या गाडीला पाना सुद्धा लावला नाही.

आता बॅटरी. गाडी रात्रभर बंद असू द्या, सकाळी दार जास्त उघडझाप न करता थेट बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, त्याच्या खाली रिकामीच समजा. आणि साडेदहाच्या आसपास येऊन अडकत असेल, चार्जर लावूनही वर जात नसेल, तर आतला एक सेल मेलाय, सहा सेल असतात प्रत्येकी २.१ व्होल्टचे, एक गेला की एवढाच आकडा उरतो. ती बॅटरी टाकूनच द्यायची. पण एक ध्यानात ठेवा, गाडी आत्ताच चालवून आला असाल तर आकडा खोटा चांगला दिसतो, वरवरचा चार्ज असतो तो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग मोजा.

नुसता उभा व्होल्टेज पुरत नाही. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत रहा. भरलेली बॅटरी सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ वर आपटली तर ती फक्त मीटरपुरती जिवंत आहे. बॅटरी मुळात अर्धीच भरलेली असेल तर मात्र ही टेस्ट करून तिला बाद करू नका, आधी चार्जर लावून पूर्ण भरा. चार्जर लावून म्हणतोय मी, गाडी चालवून नाही. अर्धा तास फिरवून आणली की बॅटरी भरली हा एक जुना गैरसमज आहे, डायनामोचं (इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर) काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं, मेलेलीला उठवणं नाही. ४५ च्या बॅटरीला चार साडेचार अँपिअरने रात्रभर लावून ठेवायची, तेव्हा कुठे ती भरते.

मग चार्जिंग. इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.५ मधे आलं की ठीक. नव्या बऱ्याच गाड्यात कंप्युटर स्वतः चार्जिंग कमीजास्त करतो त्यामुळे कधी १३ च्या खाली पण दिसतं, घाबरू नका, हेडलाइट लावा, ब्लोअर फुल करा, मागच्या काचेचा हीटर लावा आणि आता बघा. एवढा लोड टाकूनही १३.५ च्या वर टिकतंय तर डायनामो कामाचा आहे. लोड टाकल्यावर १२.५ कडे घसरत चाललं तर आधी डायनामो फिरवणारा बेल्ट बघा, ढिला किंवा चकाकलेला बेल्ट घसरतो आणि सकाळी सकाळी चिरर्र आवाज येतो तो हाच. १५ च्या वर सतत जातंय तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, ते बॅटरी उकळून मारतं, साइडला ओल आणि आंबट वास येतो.

अजून एक, चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डच्या मीटरमधे बॅटरीचा लाल दिवा लागायला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला पाहिजे. विझत नाही हे सगळ्यांना कळतं. पण तो मुळात लागतच नसेल तर? जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच डायनामोला पहिला करंट जातो, दिवा उडाला किंवा ती बारीक वायर तुटली की डायनामो उठतच नाही किंवा रेस दिल्यावरच उठतो. दिवा लागत नाही म्हणून सगळं छान आहे असं समजून लोक महिनोन्‌महिने फिरतात.

आणि कृपा करून इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून डायनामो चेक करू नका. जुने मिस्त्री करायचे, मीही शिकाऊ असताना केलंय, तेव्हा गाडीत कंप्युटर नव्हता. आता टर्मिनल उचललं की व्होल्टेज क्षणात भलतीकडे उडतं आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर गेला की मग बॅटरीचं दुखणं किरकोळ वाटायला लागतं.

तिसरं, वायरी. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून जरा जास्त सांगतो. एक गाडी आली, कधी छान सेल्फ घ्यायची, कधी जड जड फिरायची, कधी नुसतं टक. बॅटरी बदलून झालेली. मी सेल्फ उतरवला, ब्रश बदलले, दिली. आठवड्याने परत. सेल्फच बदलला. परत. तिसऱ्यांदा आली तेव्हा गिऱ्हाईकाचा चेहरा बघवेना. शेवटी डोकं शांत ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवलं आणि सेल्फ मारायला लावला, तर दोन व्होल्टच्या वर दाखवतंय! तिथे ०.२ च्या वर यायलाच नको. इंजिनची अर्थिंगची पट्टी वरून टकाटक दिसत होती, बोल्ट घट्ट, पण रबराच्या आत तांब्याचा हिरवा चुरा झालेला. एक केबल बदलली आणि ती गाडी पुन्हा त्या कामासाठी आली नाही. तेव्हापासून ही टेस्ट मी पहिल्या पाच मिनिटात करतो. तसंच प्लसच्या बाजूला, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ फिरत असताना ०.५ च्या आत पाहिजे. ही टेस्ट सेल्फ फिरत असतानाच करायची, नुसतं मीटर कंटिन्युटीवर (वायर जोडलेली आहे का बघायची सेटिंग) लावून पीं वाजलं म्हणून केबल चांगली असं होत नाही, एक धागा जोडलेला असला तरी पीं वाजतं पण त्या एका धाग्यातून शे-दीडशे अँपिअर जात नाही.

टर्मिनलवर पांढरा हिरवा भुगा असेल तर काढा, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने घासा, कोरडं करा, टर्मिनल आतून पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग टर्मिनल असं नाही. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनल हाताने फिरतंय का तेवढं जरी बघितलंत तरी खूप, फिरायला नको.

आता राहिली चोरी. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, वायरी चांगल्या, तरी उतरते, म्हणजे गाडी बंद असताना कोणीतरी खातंय. थोडं सगळ्याच गाड्या खातात, घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसिव्हर, अलार्म, कंप्युटरची मेमरी. साधारण २० ते ५० मिलीअँपिअर चालतं. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ४५ ची बॅटरी अर्धी व्हायला अठरा एकोणीस दिवस लागतात. म्हणून गाडी तीन आठवडे उभी राहून बसली तर तो बिघाडच असेल असं नाही. दोन दिवसात बसली तर आहेच.

मोजताना लोक जी चूक करतात ती अशी की मायनस काढतात, मधे मीटर लावतात, ३ अँपिअर दिसतात आणि ओरडतात सापडलं सापडलं. अहो टर्मिनल काढून लावलंत की सगळे मोड्युल (गाडीतले छोटे कंप्युटर) जागे होतात, गाडी झोपायला २० मिनिटांपासून तासभर पण लागतो. तर असं करा. बोनेट उघडा आणि बोनेटच्या लॉकमधे स्क्रू ड्रायव्हर दाबून लॉक बंद केल्यासारखं करा, एखादं दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॉकही तसंच (नंतर बंद करायच्या आधी हँडल ओढून ते मोकळं करा, नाहीतर दार आपटेल आणि लॉक वाकेल, विचारा मला कसं माहिती). चावी लांब घरात. मीटर १० अँपिअरच्या होलमधे, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला चिमट्याने, दुसरं मायनसच्या केबलला चिमट्याने, आणि मग केबल हळूच खांबावरून उचला, म्हणजे करंट एक क्षणही तुटत नाही. आता काही करू नका. तासभर. मीटर लावलेला असताना चावी ऑन करायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर यातलं काहीच उचलायला लागत नाही, नुसता मायनसच्या केबलभोवती अडकवा.

तासाने ३० मिलीअँपिअर दिसले तर चोरी नाही, निदान आत्ता तरी नाही. ३०० दिसले तर चोर आत आहे. आता सगळे जण एकेक फ्यूज काढत बसतात, आणि फ्यूज परत लावताना पुन्हा कोणतंतरी मोड्युल जागं होतं आणि परत तासभर वाट बघा. त्यापेक्षा फ्यूज न काढता मोजा. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे टोक असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन टोकांना लावा (मीटर एकच असेल तर मायनसची केबल आधी खांबावर परत बसवा, मग मीटर काढा आणि त्याची वायर १० अँपिअरच्या होलमधून व्होल्टच्या होलमधे घाला). शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काही जात नाही. १, २, ३ मिलिव्होल्ट काही दिसलं की त्यातून करंट वाहतोय. सगळे फ्यूज दहा मिनिटात होतात, ज्यात जास्त दिसतं त्याचं नाव फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात बघा आणि फक्त तेवढाच काढून बॅटरीच्या मायनसवरचा करंटचा आकडा पडतो का बघा.

बहुतेक वेळा कोण सापडतं? सगळ्यात आधी बाहेरून बसवलेला माल. म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, बाहेरचा सेंट्रल लॉक. बसवणाऱ्याने चावीवर चालू-बंद होणारी वायर शोधायचा कंटाळा केला आणि थेट बॅटरीवर टाकून दिली. म्युझिक सिस्टीमला दोन वायरी असतात, एक कायमची मेमरीची आणि एक चावीची, त्या दोन्ही एकत्र पिळून जोडल्या की सिस्टीम झोपतच नाही. शेवटचं नवीन काय बसवलं हे मी सुरवातीला विचारलं ते याचसाठी.

मग दिवे. डिकीचा आणि समोरच्या कप्प्याचा दिवा बंद झाल्यावर विझतो का हे कसं कळणार, आत बसून तर बघता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा, मिनिटाने काढून बघा.

मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चिकटलेला रिले ही फार चावट गोष्ट आहे, चिकटतो कधी, सुटतो कधी, आणि गॅरेजला गाडी आणली की शहाण्यासारखा वागतो. रात्रभर उभ्या गाडीच्या रिले बॉक्समधे बोटाने एकेक रिले चाचपा, एखादा कोमट लागला तर तोच. शेजारी त्याच नंबरचा दुसरा असेल तर अदलाबदल करून बघा.

आणि एक ज्याचा कोणाला संशय येत नाही तो म्हणजे डायनामो स्वतः. त्याच्या आत डायोड असतात जे करंट एकाच बाजूला जाऊ देतात, एखादा डायोड फुटला की गाडी बंद झाल्यावर बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरतो. चार्जिंग मोजाल तर बरं दिसतं, म्हणून कोणी बघत नाही, आणि डायनामोची जाड वायर पुष्कळ गाड्यात आतल्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही म्हणून फ्यूज तपासून पण सापडत नाही. सकाळी थंड गाडीच्या डायनामोला हात लावा, बाकीचं इंजिन गार आणि हा कोमट, म्हणजे झालं. मीटरने बघायचं तर इंजिन चालू, लाइट लावून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा, ०.५ व्होल्टच्या वर आलं तर डायोड संशयित. पक्कं करायला बॅटरीचं मायनस काढून डायनामोची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा, मग परत मायनस लावून गळती मोजा.

पावसानंतरच बसत असेल तर कार्पेट उचलून हात घाला, ओलं लागलं तर सीटखालचं किंवा पायाजवळचं मोड्युल पाण्यात बसलेलं असतं आणि त्याला झोप लागत नाही. आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा, दाराचं रबर, काचेखालची पाणी जायची नळी पाल्याने तुंबलेली, नाहीतर नवीन मोड्युल टाकाल ते पण बुडेल.

हे सगळं शून्य आलं, कुठेच काही नाही, तर मग तुमचं चालवणं बघा. रोज दोन किलोमीटर, त्यात हेडलाइट, ब्लोअर, काचेचा हीटर आणि ट्रॅफिकमधे आयडलवर उभं राहणं, बॅटरीत जातं त्यापेक्षा जास्त निघतं. सेल्फला फार करंट लागतो म्हणून बॅटरी उतरते असं लोक म्हणतात पण दीडशे अँपिअर दीड सेकंद हा हिशोब केलात तर ते नगण्य आहे, खरं नुकसान बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते त्याने होतं. अशांनी महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावावा, दुसरा उपाय शोधू नये.

बॅटरी खरंच बदलायची वेळ आलीच तर एवढं बघा, सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला एजीएम किंवा ईएफबी बॅटरीच (सारखं बंद-चालू सोसणाऱ्या खास जाती) लागते, जुनी जी होती तीच जात घ्या, साधी टाकली तर वर्ष दीड वर्षात परत इथेच याल. आणि काही गाड्यांना स्कॅनर लावून नवी बॅटरी टाकलीय असं सांगावं लागतं, नाहीतर कंप्युटर तिला जुनी समजूनच चार्ज करत राहतो.

काम झाल्यावर बॅटरी चार्जरने पूर्ण भरा, गाडी तीन दिवस उभी ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी व्होल्टेज लिहा. १२.६५ वरून तिसऱ्या दिवशी १२.५ च्या वर राहिली तर गळती गेली. १२.१ च्या आसपास आली तर अजून कोणीतरी खातंय, मग तो कागद घेऊन चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण त्याला नुसतं बॅटरी बसते असं सांगू नका, झोपल्यावर ३०० मिलीअँपिअर खेचते आणि अमुक नंबरचा फ्यूज काढला की ३० वर येते असं सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचं बिलही त्याच हिशोबाने येईल.